चपट्या पेटीतले वर्कस्टेशन

वर्कस्टेशन म्हणजे एकाच व्यावसायिकाच्या हाती पूर्णपणे सोपवलेला, पण घरगुती संगणकापेक्षा कितीतरी ताकदवान असा संगणक. इंजिनिअर, चिपचा आराखडा करणारे, नकाशे बनवणारे, चित्रपटातली दृश्ये घडवणारे अशांसाठी तो जन्माला आला. १९७०च्या दशकात या लोकांना संगणक मिळत असे तो वाटणीतला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ साली बाजारात आणलेले व्हॅक्स ११/७८० हे त्या काळचे प्रतिष्ठेचे यंत्र. कपाटाएवढे, वातानुकूलित खोलीत ठेवलेले आणि एका वेळी कित्येकांना टर्मिनलवरून जोडलेले. त्याची गती साधारण एका सेकंदाला दहा लाख सूचना, म्हणजे १ मिप्स, धरली जात असे. पुढे अनेक वर्षे इतर संगणकांची गती या व्हॅक्सच्या पटीतच मोजली गेली. दुपारी सगळे कामाला बसले की तीच गती सर्वांत वाटली जाई आणि प्रत्येकाच्या पडद्यावरचे अक्षर रेंगाळू लागे. चित्र काढण्याची तर सोयच नव्हती, कारण टर्मिनलच्या तारेतून जायची ती फक्त अक्षरे.

ही वाटणी मोडणारे पहिले यंत्र व्यापारासाठी बनलेच नव्हते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली चक थॅकर यांच्या आराखड्यावरून ‘आल्टो’ तयार झाला. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्मृतीतल्या एका बिटशी जोडलेला, हाताशी माउस, आणि शेजारच्या आल्टोशी बोलण्यासाठी रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांचे इथरनेट, ही त्याची वैशिष्ट्ये. टेबलाखाली मात्र छोट्या फ्रिजएवढी पेटी असे. आल्टो फारसा कोणाला विकला गेला नाही, तरी ज्यांनी तो पाहिला त्यांना परत टर्मिनलपुढे बसवेना. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास या नव्या यंत्राची मोजमापे ठरवली: दहा लाख बाइट स्मृती, दहा लाख ठिपक्यांचा पडदा, सेकंदाला दहा लाख सूचना. ‘थ्री एम’ या नावाने हे माप प्रसिद्ध झाले. किंमत दहा लाख सेंट, म्हणजे १०,००० डॉलर, असावी अशी चौथी अपेक्षाही त्याला जोडली गेली. पहिल्या तीन अटी लवकर पूर्ण झाल्या. किंमत आणि आकार यांना मात्र जवळपास दहा वर्षे लागली.

व्यापारी वर्कस्टेशनचा पहिला मान अपोलो कंपनीकडे जातो. विल्यम पॉडस्का यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ती स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी डीएन १०० हे यंत्र बाजारात आले. त्याच्या पोटात मोटोरोलाची ६८००० ही चिप होती. या चिपमध्ये एक अडचण होती. हवे असलेले पान, म्हणजे माहितीचा तुकडा, स्मृतीत नाही असे मध्येच कळले, तर अर्धवट राहिलेली सूचना तिला नीट पुन्हा सुरू करता येत नसे. आभासी स्मृतीचा सगळा डोलारा नेमका त्याच क्षमतेवर उभा असतो. अपोलोच्या इंजिनिअरांनी दोन ६८००० चिप बसवल्या. पहिली काम करी, आणि पान हुकले की ती थांबून राही व दुसरी ते पान डिस्कवरून आणून देई. उपाय देखणा होता, पण महाग आणि जागा खाणारा. अपोलोची कार्यप्रणाली स्वतःची, नेटवर्कही स्वतःचे. इलेक्ट्रॉनिक आराखड्यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मेंटर ग्राफिक्सने अपोलोचीच यंत्रे निवडली होती आणि पहिली काही वर्षे या बाजारात अपोलोचा शब्द चालला.

कॅलिफोर्नियात चित्र वेगळे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात अँडी बेख्टोल्सहाइम हा जर्मनीहून आलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या नेटवर्कसाठी एक संगणक बनवत होता. बाजारात सहज मिळणारे भाग, तीच ६८००० चिप, इथरनेट आणि मोठा पडदा. विनोद खोसला यांना ते यंत्र हवे होते. पुण्यात जन्मलेले खोसला दिल्लीच्या आयआयटीतून कार्नेगी मेलनला आणि तिथून स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकायला गेले होते. त्यानंतर डेझी सिस्टिम्स या कंपनीच्या उभारणीत ते होते. चिपचे आराखडे करण्याचे सॉफ्टवेअर विकायचे, पण त्यासाठी लागणारा संगणक बाजारातच नसल्याने तोही स्वतः बनवायचा, असा डेझीचा पेच होता. संगणक एकाने सर्वांसाठी बनवावा हे त्यांच्या ध्यानात आले. फेब्रुवारी १९८२ मध्ये खोसला, बेख्टोल्सहाइम आणि स्कॉट मॅकनीली यांनी सन मायक्रोसिस्टिम्सची स्थापना केली. विद्यापीठाच्या ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ची आद्याक्षरे कंपनीचे नाव झाली. बर्कलेच्या युनिक्स या कार्यप्रणालीवर ज्याचा हात बसला होता तो बिल जॉय लवकरच त्यांना येऊन मिळाला.

सन आणि अपोलो यांच्यातला फरक यंत्राच्या वेगापेक्षा धोरणात जास्त होता. अपोलोचे यंत्र घेणारा अपोलोच्याच घरात राहायचा. सनचे यंत्र युनिक्स चालवी, इथरनेटवर बोले आणि विद्यापीठात शिकलेल्या प्रत्येक अभियंत्याला पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटे. १९८४-८५ मध्ये सनने आपल्या फाइल-वाटपाची पद्धत, म्हणजे एनएफएस, इतर कंपन्यांनाही खुली केली. नेटवर्क हाच संगणक, हे सनच्या जॉन गेज यांचे वचन त्याच काळातले. त्याला अगदी व्यवहारी अर्थ होता. हार्ड डिस्क तेव्हा मोठी, महाग आणि आवाज करणारी होती. ती एका सर्व्हरमध्ये ठेवायची आणि टेबलावरच्या यंत्राने सुरू होण्यापासून फाइल उघडण्यापर्यंत सगळे इथरनेटवरून करायचे, असे डिस्कविरहित वर्कस्टेशन सनने मोठ्या प्रमाणावर विकले. पेटी लहान करण्याचा पहिला खरा मार्ग इथे सापडला: जे पेटीबाहेर राहू शकते ते बाहेर काढा. १९८७च्या सुमारास सनने अपोलोला मागे टाकले, १९८८ साली तिची वार्षिक विक्री १ अब्ज डॉलरवर गेली आणि १९८९ मध्ये अपोलो हिवलेट-पॅकर्डने ४७.६ कोटी डॉलरना विकत घेतली.

दुसरा मार्ग प्रोसेसरमधून गेला. बर्कलेत डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक आग्रह धरला होता: चिपला थोड्या आणि सोप्या सूचना द्या, पण त्या प्रत्येक ठोक्याला एक या वेगाने पार पाडू द्या. रिस्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विचारासाठी दोघांना पुढे २०१७चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सनने बर्कलेचा वारसा घेऊन ‘स्पार्क’ ही रचना तयार केली. पहिला स्पार्क प्रोसेसर फुजित्सूने सुमारे २०,००० गेटच्या साध्या गेट-अ‍ॅरेवर बनवला, यावरून ही रचना किती सुटसुटीत होती ते कळते. १९८७ साली तो सन ४/२६० या यंत्रात आला. गती सुमारे १० मिप्स, म्हणजे दहा व्हॅक्स. पेटी मात्र अजून मोठ्या कार्डांची, टेबलाशेजारी जमिनीवर उभी राहणारी.

एप्रिल १९८९ मध्ये सनने स्पार्कस्टेशन १ जाहीर केले. लांबी-रुंदी सुमारे १६ इंच, उंची जेमतेम ३ इंच. गती १२.५ मिप्स. दोन वर्षांपूर्वी जमिनीवर उभे असलेले यंत्र, त्याहून वेगवान होऊन मॉनिटरखाली सरकवता येईल इतके चपटे झाले होते. डिस्क नसलेल्या मूळ यंत्राची किंमत ८,९९५ डॉलर होती, म्हणजे थ्री एमची चौथी अटही पूर्ण झाली. लोकांनी या पेटीला ‘पिझ्झा बॉक्स’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव साऱ्या उद्योगात रूढ झाले.

या पेटीचे झाकण काढून पाहिले की ती चपटी कशी झाली ते लगेच समजते. एका बाजूला वीजपुरवठा आणि पंखा, पुढच्या भागात फ्लॉपी आणि दोन साडेतीन इंची हार्ड डिस्कची जागा, आणि उरलेल्या तळावर एकच मदरबोर्ड. पूर्वी कार्डभर पसरलेले तर्कमंडल आता मोजक्याच खास चिपमध्ये कोंबले होते. जास्तीची कार्डे बसवायला ‘एसबस’ नावाचे तीन स्लॉट होते, आणि सगळी खुबी त्यांत होती. जुन्या यंत्रांत कार्डे बोर्डावर उभी राहात, त्यामुळे पेटीची उंची कार्डाच्या रुंदीएवढी ठेवावीच लागे. एसबसची तळहाताएवढी कार्डे बोर्डाला समांतर, आडवी बसत. या आकाराचे श्रेय नुसत्या बाह्य आखणीला देणे अन्यायाचे आहे. ते बेख्टोल्सहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसबसची रचना करतानाच मिळवले होते.

बोर्डावर एक छोटी काळी चिप असे, तिच्या पाठीवर राळेत बंद केलेली बॅटरी. यंत्राचा इथरनेट पत्ता आणि ओळखक्रमांक तिच्यात साठवलेला असे, आणि हजारो डॉलरच्या सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा त्या ओळखक्रमांकालाच बांधलेला. साधारण दहा वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र स्वतःची ओळख विसरून जाई. आजचे संग्राहक ती राळ कापून बाहेरून नाण्याएवढी बॅटरी जोडतात आणि पत्ता पुन्हा हाताने भरतात. त्या काळच्या सनच्या माउसचेही असेच. त्यात गोळी नव्हती, प्रकाशावर चाले, पण फक्त स्वतःच्या, बारीक रेघांची जाळी छापलेल्या चकचकीत धातूच्या पॅडवर. पॅड थोडे तिरके झाले की पडद्यावरचा बाणही तिरका धावे. या सगळ्यांवर १९ इंची, ११५२ बाय ९०० ठिपक्यांचा मॉनिटर. तो खालच्या पेटीपेक्षा कितीतरी जड असे.

पिझ्झा बॉक्सनंतर आकाराची जणू चढाओढ लागली. १९९० साली सनने आयपीसी हे यंत्र आणले. ते हातात उचलून नेता येईल असे, आणि त्याला लोकांनी ‘लंचबॉक्स’ म्हटले. त्याच वर्षीच्या एसएलसीमध्ये पूर्ण संगणक मॉनिटरच्याच पाठीत बसवला होता. त्याला डिस्क नव्हती आणि पंखाही नव्हता. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीने १९८८ मध्ये एक फूट बाजूचा मॅग्नेशियमचा काळा घन आणला, मग १९९० मध्ये नेक्स्टस्टेशन हे चपटे यंत्र. नेक्स्टची यंत्रे थोडी विकली गेली आणि १९९३ साली कंपनीने हार्डवेअर बनवणे सोडले. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबचा पहिला सर्व्हर अशाच एका काळ्या घनावर चालवला. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी सूचना लिहिलेली चिठ्ठी त्या पेटीवर चिकटवलेली होती. संशोधकाच्या टेबलावरचे एकट्याचे यंत्र बाहेरच्या जगाला सेवा देऊ शकते, हे वर्कस्टेशनच्या जडणघडणीतच होते, कारण ते पहिल्यापासून नेटवर्कसाठी बनलेले होते.

चित्रांच्या क्षेत्रात सिलिकॉन ग्राफिक्सचे राज्य होते. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जिम क्लार्क यांनी मार्क हॅना या विद्यार्थ्यासह ‘जॉमेट्री इंजिन’ नावाची चिप घडवली होती. त्रिमितीतला बिंदू फिरवणे, लहान-मोठा करणे, पडद्यावर उतरवणे हे गणित ती स्वतः करी, मुख्य प्रोसेसरला त्रास न देता. या चिपभोवती उभी राहिलेली कंपनी १९९० पर्यंत दृश्यपरिणामांच्या स्टुडिओंची पहिली निवड झाली. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये संगणकाने काढलेले डायनोसॉर पडद्यावर जेमतेम ६ मिनिटे दिसतात. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने ती सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर घडवली, आणि त्या सहा मिनिटांनी चित्रपटाचा धंदा बदलला.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, सिलिकॉन ग्राफिक्सने इंडी हे आपले चपटे यंत्र काढले. निळी पेटी, सोबत छोटा व्हिडिओ कॅमेरा, सुरुवातीची किंमत ४,९९५ डॉलर. या किमतीत स्मृती होती १६ मेगाबाइट, आणि आयरिक्स ५.१ ही कार्यप्रणाली त्यात मावत नव्हती. यंत्र मंद पडे, डिस्क सारखी करकरत राही. सॉफ्टवेअर किती फुगले आहे याचे वाभाडे काढणारे कंपनीतलेच एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले आणि आजही प्रोग्रामर ते आवर्जून वाचतात. स्मृती वाढवली की मात्र इंडी गुणी ठरे. निन्टेन्डो ६४ चे खेळ तयार करणाऱ्यांनी सुरुवातीला तेच वापरले. १९९६ च्या ओटू या यंत्रात सिलिकॉन ग्राफिक्सने आणखी एक धाडस केले: ग्राफिक्सची वेगळी स्मृती काढून टाकली आणि प्रोसेसर, चित्र, व्हिडिओ या सर्वांना एकाच सामाईक स्मृतीतून जेवू घातले. त्यामुळे चिप कमी झाल्या, पेटी लहान झाली, आणि एक फिल्मचा तुकडा थेट त्रिमितीय वस्तूवर ताणून बसवण्यासारखी कामे, ज्यांत माहिती इकडून तिकडे हलवण्यातच वेळ जाई, ती सहज होऊ लागली.

पिझ्झा बॉक्सची ताकद सर्वांत ठसठशीत दिसली ती मात्र एकेका टेबलावर नाही. पिक्सारने ‘टॉय स्टोरी’ या पहिल्या पूर्ण लांबीच्या संगणकनिर्मित चित्रपटासाठी ११७ स्पार्कस्टेशन २० एकत्र लावली. ही १९९४ सालची यंत्रे त्याच चपट्या घराण्यातली, पण एका पेटीत चारपर्यंत प्रोसेसर मावणारी. ११७ पेट्यांत मिळून जवळपास ३०० प्रोसेसर. चित्रपटाच्या १,१४,२४० चौकटी काढायला ८ लाख यंत्र-तास लागले, म्हणजे एका चौकटीला सरासरी सात तास. एका यंत्राने हे काम करायचे तर ९० वर्षे लागली असती. टेबलासाठी बनवलेली पेटी एकावर एक रचली की महासंगणक होतो, हा धडा इतरांनीही गिरवला. १९९८ साली पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेला परम १०,००० हा संगणकही सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांची यंत्रे नेटवर्कने जोडूनच उभा राहिला.

‘टॉय स्टोरी’ नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. त्याच महिन्यात दोन घटना घडल्या, ज्यांनी या यंत्रांचे दिवस मोजायला घेतले. इंटेलने पेंटियम प्रो बाजारात आणला, आणि पूर्णांक गणितात तो महागड्या रिस्क प्रोसेसरांच्या बरोबरीला येऊन बसला. आणि सॉलिडवर्क्स हे यंत्रभागांचे आराखडे करणारे सॉफ्टवेअर आले, फक्त विंडोजसाठी. तोवर असे काम करायला युनिक्स वर्कस्टेशन घ्यावेच लागे. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच्या वर्षी सॉफ्टइमेज ही अ‍ॅनिमेशनची कंपनी विकत घेतली होती आणि तिचे सॉफ्टवेअर विंडोज एनटीवर आणण्याचे काम सुरू झाले होते. दरवर्षी कोट्यवधी पीसींसाठी चिप विकणाऱ्या इंटेलला नव्या चिपच्या संशोधनावर जेवढा पैसा ओतता येई, तेवढा त्या मानाने थोडीच यंत्रे विकणाऱ्या सनला किंवा सिलिकॉन ग्राफिक्सला परवडणारा नव्हता. सनने १९९८ मध्ये अल्ट्रा ५ हे यंत्र पीसीच्याच हार्ड डिस्क आणि पीसीचीच पीसीआय कार्डे वापरून काढले. स्पर्धकाच्या सुट्या भागांवर यंत्र उभारायची वेळ आली तेव्हाच निकाल स्पष्ट झाला होता.

ग्राफिक्सचा गडही आतल्याच लोकांनी जिंकला. स्पार्कस्टेशनसाठी जीएक्स हे ग्राफिक्स कार्ड घडवणारे सनचे दोन अभियंते, कर्टिस प्रीम आणि ख्रिस मॅलाकाउस्की, यांनी १९९३ साली जेन्सन हुआंग यांच्यासोबत एन्व्हिडिया स्थापन केली. १९९९ च्या त्यांच्या जीफोर्स २५६ चिपने जॉमेट्री इंजिन करी तेच त्रिमितीचे गणित खेळाच्या कार्डावर आणले, आणि पाठोपाठ क्वाड्रो या नावाने त्याचे व्यावसायिक रूपही निघाले. सिलिकॉन ग्राफिक्सने २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि आपल्या जुन्या यंत्रांचे उत्पादन थांबवले. २००९ साली कंपनी पुन्हा बुडाली आणि रॅकेबल सिस्टिम्सकडे गेली. सनचे स्पार्क वर्कस्टेशन २००८ पर्यंत रेंगाळले, आणि जानेवारी २०१० मध्ये सन ओरॅकलमध्ये विलीन झाली.

वर्कस्टेशन हा प्रकार टिकला, पण पुन्हा मोठ्या उभ्या टॉवरमध्ये. कारण उष्णता. स्पार्कस्टेशन १ चा प्रोसेसर एका पंख्याच्या वाऱ्यावर सुखाने चाले. २००० नंतरचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे मिळून काहीशे वॅट खाऊ लागली, आणि ती उष्णता बाहेर काढायला मोठी पोकळी, मोठे पंखे लागले. अ‍ॅपलने दोनदा याविरुद्ध पाऊल टाकले. २००० चा जी४ क्यूब हा पंख्याविना चालणारा ८ इंची घन वर्षभरात मागे घ्यावा लागला. २०१३ चा मॅक प्रो हा २५ सेंटिमीटर उंचीचा काळा दंडगोल एका त्रिकोणी उष्णतावाहक गाभ्याभोवती बांधला होता, दोन ग्राफिक्स कार्डांना उष्णता सारखी वाटून मिळेल या हिशेबाने. पण व्यावसायिक सॉफ्टवेअरला हवे होते एकच मोठे ग्राफिक्स कार्ड. ते त्या गाभ्यात बसेना, आणि २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या अधिकाऱ्यांनी आपण उष्णतेच्या कोपऱ्यात अडकलो असे पत्रकारांपुढे मान्य केले.

वाट मोकळी झाली ती लॅपटॉपमुळे. लॅपटॉपसाठी घडवलेल्या कमी वीज खाणाऱ्या भागांनी पेटी पुन्हा आकसू लागली. हिवलेट-पॅकर्डने २०१६ च्या अखेरीस झेड२ मिनी आणले: साडेआठ इंच लांब-रुंद, सव्वादोन इंचांपेक्षा थोडे उंच, आत झिऑन प्रोसेसर आणि लॅपटॉपच्या वर्गातले क्वाड्रो ग्राफिक्स. मॉनिटरच्या पाठीवर टांगण्याची त्याला सोय होती, एसएलसीची जागा नेमकी तीच. मार्च २०२२ मध्ये अ‍ॅपलचा मॅक स्टुडिओ आला, १९.७ सेंटिमीटर चौरस आणि ९.५ सेंटिमीटर उंच. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच स्मृतीवर काम करतात, २०२२च्या यंत्रात जास्तीत जास्त १२८ गिगाबाइट, ओटूने १९९६ मध्ये जी रचना धाडसाने मांडली होती तीच. आतली निम्म्याहून जास्त जागा पंखे आणि उष्णतावाहक धातूने व्यापली आहे. एम१ अल्ट्रा चिपच्या यंत्रात हा भाग अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांब्याचा आहे आणि तेवढ्यासाठी ते यंत्र साध्या एम१ मॅक्सवाल्या यंत्रापेक्षा सुमारे ९०० ग्रॅमने जड भरते.